जाळीमागचे खांबेटे

फोटोचा विषय अस्मीने काढला तो शनिवारी सकाळी, पोहे खाताना, आणि तोही आईपाशी. बाबा समोरच बसले होते. त्यांच्या बशीत पोहे होते, हातात फोन होता आणि फोनमध्ये ऑफिसची मेल होती, म्हणजे ते घरात हजर असल्याचे तिन्ही पुरावे टेबलावर होते. तरीही ती मान वळवून म्हणाली, "ममा, आय नीड वन फोटो. जस्ट वन. फॉर द वॉल."

मुरलीधर खांबेट्यांना हे लागलं. लागणारच. घरात फोटो या विषयातला अधिकारी माणूस कोण, असा प्रश्न निघाला असता तर त्यांनी स्वतःकडेच बोट दाखवलं असतं. अबुधाबीतल्या एका विमा कंपनीत ते मोटारींच्या दाव्यांचे मॅनेजर होते. चेपलेली दारं, फुटलेले दिवे, मागून ठोकलेल्या डिक्क्या यांचे फोटो त्यांनी वीस वर्षं पाहिले होते आणि "फोटो अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा पाठवा" हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं होतं की त्यांच्या दृष्टीने जगातले निम्मे फोटो नाकारण्याच्याच लायकीचे होते. स्वतः फोटो काढायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती, पण हॉटेलात चव घ्यायला स्वयंपाक कुठे यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर ही वॉल म्हणजे काय, तर अल रीम आयलंडवरच्या मुलांचा एक बेसबॉल क्लब आहे. क्लबाच्या खोलीत एक भिंत आहे आणि क्लब सोडून जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा खेळतानाचा एक फोटो त्या भिंतीवर कायमचा लागतो. अस्मी पाच वर्षं तिथे खेळत होती. बारावी संपली होती आणि ऑगस्टमध्ये ती टोरांटोला शिकायला जाणार होती. शेवटचा सामना पुढच्या शनिवारी दुबईत होता. आजवर मुलांचे फोटो काढायचे ते एका खेळाडूचे वडील. त्यांची जानेवारीत सिंगापूरला बदली झाली, आणि त्यांच्या सगळ्या साठ्यात अस्मी कुठे होती, तर एकदा कोपर म्हणून, एकदा हेल्मेट म्हणून आणि एकदा कोणाच्या तरी मागे अर्धी पाठ म्हणून. बाकी सगळी मुलं भिंतीवर राहणार आणि हिची जागा रिकामी, असा मामला होता. तोंडाने ती "इट्स नो बिग डील" म्हणत होती, पण पोहे चिवडत होती.

"बाबा काढतील की," तिची आई हेमा म्हणाली.

अस्मीने चमचा खाली ठेवला. "ममा, नो. ही विल मेक इट अ प्रोजेक्ट."

हा आरोप मुरलीधररावांना अत्यंत अन्यायाचा वाटला. फोटोचा प्रोजेक्ट व्हायला दुपार उजाडली.

दुपारी ते एकतिसाव्या मजल्यावर सूर्यकांत आपट्यांकडे गेले. आपटे तिथल्या मराठी मंडळाचे फोटोग्राफर होते. गणपतीत आरतीच्या वेळी कापराची ज्योत त्यांच्याइतकी टवटवीत कोणी टिपत नसे. ज्योतीमागची माणसं काळी येत, पण देवाच्या कार्यात ते कोणी मनावर घेत नसे. आपट्यांनी कपाट उघडलं आणि दुलईत गुंडाळलेली, कोपरापासून बोटांपर्यंत लांब अशी एक लेन्स बाहेर काढली.

"खांबेटे, ही मी प्रमिलालाही उचलू देत नाही."

"उचलते कशाला मी?" आतून प्रमिलावहिनींचा आवाज आला. "मान लचकली होती ना मागच्या गणपतीत? कोणाची लचकली होती?"

आपट्यांनी दार लोटून घेतलं. मग शटर स्पीड, फोकस, बर्स्ट मोड असा दीड तास त्यांचा क्लास झाला. त्यातलं मुरलीधररावांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की बटण दाबून धरलं तर कॅमेरा फोटो काढतच सुटतो, आणि हे त्यांना फार आवडलं. इतक्या फोटोंत एक तरी चांगला येणारच, हा हिशेब कोणालाही पटेल असा आहे. "पण प्रॅक्टिस हवी," आपटे कॅमेरा हवाली करत म्हणाले. "हलणाऱ्या वस्तूंवर. पक्ष्यांवर करा."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चोविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, हेमाच्या कढीपत्त्याच्या कुंडीआड, मुरलीधरराव समुद्रपक्ष्यांच्या वाटेवर दबा धरून बसले. पक्षी येत होते, जात होते. ते आले की फोकस नसायचा आणि फोकस आला की ते नसायचे. अर्ध्या तासाने दारावरची बेल वाजली. बाहेर इमारतीचा सिक्युरिटी वली उभा होता, आणि त्याचा चेहरा फार अवघडलेला होता.

"सर, सामनेवाले टॉवर से कम्प्लेन आया है. मॅडम बोल रही है, कोई आदमी बड़ा कॅमेरा लगा के बैठा है."

मुरलीधररावांच्या पायाखालची जमीन सरकली. या देशात परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं म्हणजे काय, हे त्यांच्यासारख्या कायदे पाळणाऱ्या माणसाला सांगायला नको होतं. पेट्रोल पंपावरही ते आधी बोर्ड वाचतात आणि मग पेट्रोल भरतात.

"अरे वली भाई, मैं तो पक्षी का फोटो निकाल रहा था!"

"पक्षी किधर है, सर?"

"वो उड गया ना."

वलीने नाइलाजाने फोटो बघायला मागितले. आभाळ होतं, आपलं रेलिंग होतं, कढीपत्ता होता, आणि एका फोटोत समोरच्या टॉवरचा एक कोपरा होता. त्या कोपऱ्यातल्या बाल्कनीत दोरीवर एक फुलाफुलांची चादर वाळत होती. वली त्या फोटोशी थांबला. बाल्कनीत कपडे वाळत घालायला अबुधाबीत मनाई आहे.

"ये चादर उन मॅडम का है, सर," वली म्हणाला. "वो आप का कम्प्लेन करेगी, तो उन का भी बनता है. मैं बात करता हूँ. खलास."

प्रकरण मिटलं, पण मुरलीधररावांच्या मनातून भीती गेली नाही. बाल्कनीत एका चादरीवरून ही वेळ, तर मैदानात दोन्हीकडची मुलं, त्यांचे आईबाप, आजूबाजूचे लोक, आणि त्यांच्यावर रोखलेली ही एवढी तोफ! रात्रभर ते कूस बदलत राहिले. सकाळी उठल्या उठल्या हेमाला म्हणाले, "एनओसी घ्यायला हवी."

"अहो, पोरीचा फोटो काढायला?"

"मागून कोणी विचारलं तर?"

आखातात वीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड आहे. गाडी विकायची तर एनओसी, घर बदलायचं तर एनओसी, फर्निचर खाली उतरवायचं तर लिफ्टची वेगळी एनओसी. अशाने हळूहळू अशी वृत्ती होते की ज्या गोष्टीला एनओसी लागत नाही ती गोष्ट करण्यात काहीतरी गफलत असली पाहिजे. मुरलीधरराव जेवणाच्या सुट्टीत क्लबाच्या ऑफिसात गेले. तिथे एमान नावाची इजिप्शियन बाई सगळं काम बघत असे आणि हसतमुख म्हणून तिची ख्याती होती.

"मिस्टर मुरली, यू आर द फादर," ती हसत म्हणाली. "व्हाय एनओसी? कम, टेक फोटो, यल्ला."

"मग एनओसी लागत नाही असं लिहून द्या," मुरलीधरराव इंग्रजीत म्हणाले.

एमानचं हसू जरा कमी झालं. असं लिहून द्यायचं तर मॅनेजरला विचारायला हवं होतं. तिने विचारलं. मॅनेजरने या गोष्टीचा आजवर विचारच केला नव्हता. आता तो करू लागला. त्याने दुबईच्या क्लबाला विचारलं, त्यांनीही आजवर विचार केला नव्हता, तेही करू लागले. बुधवारी सगळ्या पालकांना मेल आली की शनिवारच्या सामन्यात पास असल्याशिवाय कोणालाही, अगदी मोबाइलवरही, फोटो काढता येणार नाही. पासधारकाने नारिंगी जाकीट घालावं आणि जाळीच्या मागे नेमून दिलेल्या जागीच उभं राहावं. अर्ज चार दिवस आधी हवा. म्हणजे मुदत मेल येण्याच्या आदल्या दिवशीच संपली होती, आणि मुदतीत आलेला अर्ज एकच होता, मुरलीधररावांचा.

संध्याकाळी अस्मी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाबा, द होल ग्रुप इज आस्किंग हू द इडियट इज."

"मग? तू काय सांगितलंस?"

"आय सेड आय डोन्ट नो."

मुरलीधररावांनी ती मेल पुन्हा उघडून वाचली. नियम बघायला गेलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी आपल्याच मुलीला आपली ओळख नाकारावी लागली, हे त्यांना जेवताना घशाखाली उतरेना. पण गुरुवारी हवा फिरली. पास कोणाकडे आहे हे पालकांना कळलं. ज्यांनी काल इडियट म्हटलं होतं त्यांचे आज "डिअर सर" म्हणून निरोप येऊ लागले. कोणाचा मुलगा दुसऱ्या बेसवर, कोणाचा सात नंबरच्या शर्टात, कोणाच्या मुलाची डावी बाजू जास्त बरी दिसते. मुरलीधररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण आता मैदानावर कॅमेरा एकच होता. आपण चुकलो तर अस्मीसाठी दुसऱ्या कोणाकडे हात पसरायचीही सोय त्यांनी स्वतःच्या हाताने बंद करून टाकली होती.

शनिवारी दुपारी अस्मी संघाच्या बसने पुढे गेली. मागून मुरलीधरराव, हेमा आणि तांत्रिक सल्लागार म्हणून सूर्यकांत आपटे गाडीने निघाले. हेमाने डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. आपट्यांनी मांडीवर कॅमेरा घेतला होता आणि एसीचा झोत बरोबर लेन्सवर सोडला होता. "इलेक्ट्रॉनिक वस्तूला गारवा मानवतो," ते म्हणाले. दुबईपर्यंत ते तसेच बसले. त्यांचे गुडघे गारठले, पण त्यांनी झोत हलवला नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ. बाहेर हवा दमट, नुसतं उभं राहिलं तरी घाम फुटेल अशी. गाडीचं दार उघडलं आणि त्या गारठलेल्या लेन्सवर क्षणात धुकं धरलं. आपट्यांनी रुमालाने पुसलं, पुन्हा धरलं. हेमाने ओढणीने पुसलं, पुन्हा धरलं. खरं म्हणजे पंधरावीस मिनिटं बाहेर ठेवली असती तर लेन्स आपोआप साफ झाली असती, पण तेवढी मिनिटं नव्हती. आत सामना सुरू झाला होता आणि अस्मी तिसऱ्याच नंबरला खेळायला येत होती. नारिंगी जाकीट चढवून मुरलीधरराव जाळीमागे धावले, बटण दाबून धरलं आणि सोडलंच नाही. ते सगळे फोटो नंतर पाहिले तर पावसाळ्यातलं महाबळेश्वर वाटावं. त्यात कुठेतरी अस्मी होती, असं कॅमेऱ्याचं म्हणणं होतं.

दुसऱ्या खेपेला लेन्स साफ होती. आता गोम अशी झाली की समोर जाळी होती. प्रेक्षकांना चेंडू लागू नये म्हणून लावलेली ती जाळी माणसाच्या डोळ्यांना दिसेनाशी होते, पण कॅमेऱ्याला तीच आधी दिसली. पन्नास फोटोंत जाळीची गाठ न् गाठ स्वच्छ आली आणि तिच्यामागे अस्मी नावाचा एक निळा ढग आला. आपट्यांनी कुठलंतरी बटण फिरवून फोकस पलीकडे नेला, आणि तेवढ्यात अस्मीने चेंडू मारलाही. खणखणीत आवाज झाला. मुरलीधररावांनी झर्रकन कॅमेरा सरळ समोर नेला आणि बटण दाबून धरलं.

इथे त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांनी आठवडाभर बेसबॉलचे व्हिडिओ पाहिले होते. मारल्यावर फलंदाज उजवीकडच्या पहिल्या बेसकडे पळतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण चाळीस वर्षं क्रिकेट बघितलेली मान काही व्हिडिओ बघून वळत नाही. चेंडू मारला की फलंदाज समोर, गोलंदाजाच्या टोकाला पळणार, म्हणून मान समोरच गेली. आपटेही शेजारी "पळ, पळ, सरळ पळ!" म्हणून ओरडत होते. अस्मी आपली उजवीकडे पळत सुटली, पहिल्या बेसवर धूळ उडवत पोचलीसुद्धा, आणि कॅमेऱ्यात आला तो समोर उभा असलेला दुबईचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा मुलगा. चेंडूकडे बघताना, टोपी सावरताना, नाक खाजवताना, असा क्रमाक्रमाने आला. उत्तम आला.

"डिड यू गेट माय सन?" सात नंबरच्या आईने येऊन विचारलं.

"अंडर प्रोसेस," मुरलीधरराव म्हणाले. हे उत्तर त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांना दिलं होतं. ते देणाऱ्यालाही इतका घाम फुटत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा डाव आला. अबुधाबीचा संघ एका धावेने मागे होता आणि अस्मी शेवटची खेळायला येणार होती. मुरलीधरराव जाळीमागे उभे होते, जाकिटात भिजले होते, आणि त्यांना मनातून रडू येत होतं. हे सगळं रामायण आपण एका फोटोसाठी केलं आणि तो एक फोटो सोडून सगळं झालं. हेमाने डबा बंद केला आणि त्यांच्या जवळ आली.

"अहो, ती बघा, तिकडे जाळी संपते. त्या टोकाला जाऊन उभे राहा की."

"पासवर जाळीच्या मागे असं लिहिलंय."

"कोणी लिहायला लावलं ते?"

मुरलीधररावांनी आयुष्यात प्रथमच एक नियम मोडला, आणि तोही स्वतःमुळे झालेला. ते कडेकडेने चालत दुबईच्या पालकांच्या गर्दीतून जाळीच्या टोकाला गेले. तिथल्या सिक्युरिटीने त्यांचं नारिंगी जाकीट पाहिलं आणि अदबीने बाजूला सरकून वाट दिली. समोर जाळी नव्हती, धुकं नव्हतं. अस्मी बॅट खांद्यावर घेऊन उभी होती, तिच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. पहिला चेंडू हुकला. दुसराही हुकला. मुरलीधररावांनी श्वास रोखला. मान हलवायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तिसरा चेंडू आला, अस्मीने सगळं अंग झोकून बॅट फिरवली आणि त्यांनी बटण दाबलं.

आजूबाजूची गर्दी एकदम उसळली. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी मुरलीधररावांच्या पाठीवर थाप मारली, एका बाईने त्यांच्या हाताला टाळी दिली. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा पाहिला, आणि तिथे ती होती. कमरेतून पूर्ण वळलेली, हेल्मेटखालून वेणी उडालेली, दात आवळलेले, नजर चेंडूवर. चेंडूसुद्धा दिसत होता, बॅटच्या थोडा मागे, हवेत. मागून धावत आलेल्या आपट्यांनी पडदा बघितला आणि त्यांचा आवाज चिरकला. "खांबेटे! फाइन लेगला सिक्सर!"

आता, बेसबॉलमध्ये बाद झालेला माणूस बाद झाला आहे हे कळावं, अशी फारशी सोय नसते, ही तक्रार मुरलीधरराव आजही करतात आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद, पण दांडी उडत नाही, कोणी अपील करत नाही. आणि आनंदाने उड्या मारणारे लोक हे कोणाचे आईबाप आहेत, हे काही त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. त्यांनी तिथल्या तिथे फोटो फोनवर घेतला आणि मंडळाच्या ग्रुपवर, इमारतीच्या ग्रुपवर, पुण्याच्या खांबेटे परिवारावर आणि ऑफिसात पाठवून दिला. खाली लिहिलं, 'अस्मीचा विजयी षटकार!'

हेमाकडे परत आले तेव्हा आपल्या बाजूचे पालक गप्प उभे होते. मैदानात कोच रॉमेल मुलांच्या खांद्यांवर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि मुलांच्या माना खाली होत्या.

"अहो, हरलो वाटतं," हेमा म्हणाली.

"हरलो कसे? माझ्याकडे फोटो आहे."

फोन वाजायला लागला होता. अभिनंदन. जियो पोरी. फुलं, फटाके, हात जोडलेले. मंडळाच्या सेक्रेटरी सुजाताताईंनी तर जाहीरच करून टाकलं होतं की पुढच्या कार्यक्रमात अस्मीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. आणि तेवढ्यात अस्मी आली. तोंड धुळीने माखलेलं होतं आणि त्यावर दोन स्वच्छ ओघळ उमटले होते. हातात तिचा फोन होता.

"बाबा, दॅट वॉज स्ट्राइक थ्री," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "आय वॉज आउट. वी लॉस्ट बिकॉज ऑफ मी. अँड यू टोल्ड एव्हरीवन आय वन इट. काकू इज सेंडिंग मी फायरक्रॅकर्स."

चूक झाल्यावर माणसाला निदान काहीतरी सबब सुचते. मुरलीधररावांना तीही सुचली नाही.

परतीच्या वाटेवर अस्मी बसने गेली नाही, ती गाडीत मागे आईच्या खांद्याला टेकून बसली. कानात इअरफोन, तोंड खिडकीकडे. पुढे आपटे मांडीवर कॅमेरा घेऊन बसले होते, आणि या खेपेस एसीचा झोत कुठे आहे याची त्यांना पर्वा नव्हती. ते हळूच म्हणाले, "खांबेटे, राहू दे. आपल्या लोकांत बेसबॉल कोणाला कळतंय? मी सांगतो ना, फोटो बघून मलासुद्धा कळलं नाही. कोणी विचारणार नाही. सत्कार होईल, शाल मिळेल, पोरगी टोरांटोला जाईल. विषय संपला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मंडळात बेसबॉल कळणारा एकही माणूस नव्हता. मुरलीधरराव नुसते गप्प राहिले असते तर अस्मी कायमची विजयी ठरली असती आणि त्यांची अब्रूही शाबूत राहिली असती. त्यांनी आरशात पाहिलं. अस्मी झोपली नव्हती. ती डोळे पुसत होती, आणि बाबा बघतायत असं दिसल्यावर तिने पुसायचं थांबवलं.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी थांबवली. आपटे करक चहा आणायला उतरले. मुरलीधरराव स्टीअरिंगला फोन टेकवून टाइप करत बसले, खोडत बसले, पुन्हा टाइप करत बसले. शेवटी चारही ठिकाणी गेलं ते असं: 'फोटो बरोबर आहे, मजकूर चुकीचा आहे. तो षटकार नव्हता. या चेंडूवर अस्मी बाद झाली आणि तिचा संघ हरला. मला खेळातलं काही कळत नसताना मी न विचारता गावभर केलं. तिची यात काही चूक नाही. मुरलीधर खांबेटे.'

उत्तरं यायला वेळ लागला नाही. हार्ड लक. होतं असं. पुण्याच्या थोरल्या काकांनी लिहिलं, 'तरीच म्हटलं, चेंडू बॅटच्या मागे कसा.' ऑफिसमधल्या एकाने विचारलं, हा फोटो पुन्हा पाठवणार का, सर? सुजाताताईंनी विचारलं, 'मग सत्कार रद्द समजायचा का? शाल आणायला माणूस गेला आहे.' मुरलीधररावांचे कान तापले, पण त्यांनी प्रत्येकाला उत्तर लिहिलं.

मागे अस्मीचा फोनही वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग एका कानातला इअरफोन काढला आणि म्हणाली, "आपटे काका कुड गेट वन फॉर मी टू. लेस शुगर." मुरलीधरराव चहा सांगायला स्वतः धावत गेले.

नंतरचे दोन दिवस त्यांनी बाकीचे फोटो चाळण्यात घालवले. हजाराच्या वर होते. धुकं, जाळी, कोणाची तरी पाठ, आपट्यांचं बोट. चुकून सात नंबरचा मुलगा आला होता, त्याची आई खूश झाली. सगळ्यांत जास्त खूश झाली ती दुबईच्या पिचरची आई. तिच्या मुलाचे इतके सुंदर आणि इतके सलग फोटो आजवर कोणीच काढले नव्हते, अशी कृतज्ञतेची मेल तिने एमानकडे पाठवली. अस्मीचा चेहरा दिसेल असा फोटो एकच होता आणि तो कोणता ते सगळ्यांना माहीत होतं. मुरलीधररावांना भिंतीवरची ती रिकामी जागा आता कायमची दिसत राहणार होती.

सोमवारी संध्याकाळी अस्मी त्यांच्या टेबलाशी आली. "सेंड मी द ओरिजिनल, बाबा."

"थांब, मी दुसरा शोधतोय. बेसवर पळतानाचा एक आहे, त्यात तुझी टाच नीट आलीय."

"द ओरिजिनल," ती म्हणाली. त्यांनी पाठवून दिला. विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

जूनमध्ये क्लबाचा निरोपाचा कार्यक्रम झाला. खोलीत गर्दी होती, पिझ्झा होता, आणि भिंतीवर यंदाची मुलं लागली होती. कोणी झेल घेताना, कोणी धावून होम बेसवर पडताना, कोणी मित्रांच्या खांद्यांवर. आणि शेवटी अस्मी, कमरेतून वळलेली, वेणी उडालेली, बॅटमागे चेंडू. कोच रॉमेल तिथेच उभे होते. ते म्हणाले, या मुलीने पाच वर्षांत अशी बॅट कधी फिरवली नव्हती, फक्त एवढासाच फरक पडला. त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

प्रत्येक फोटोखाली त्या त्या खेळाडूने आपल्या अक्षरात एकेक ओळ लिहिली होती. सगळ्या इंग्रजीत. अस्मीच्या फोटोखालची ओळ तेवढी मराठीत होती. मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकलेलं वाकडंतिकडं, मोठंमोठं अक्षर, त्या खोलीतल्या तिघांनाच वाचता येणारं: 'मी बाद झाले. फोटो माझ्या बाबांनी काढला.'

"व्हॉट डज इट से, सर?" कोच रॉमेलनी विचारलं.

"इट सेज..." मुरलीधररावांनी सुरुवात केली. पुढचं हेमाने सांगितलं.

त्यांनी खिशातून फोन काढला, भिंतीसमोर धरला आणि त्या ओळीचा एक फोटो काढला. डोळे भरले होते. अस्मीने खांद्यावरून वाकून पाहिलं. "बाबा, इट्स ब्लरी."

"असू दे," ते म्हणाले. तो फोटो त्यांनी कुठल्याही ग्रुपवर टाकला नाही.